बोटीवरची वीज: पेडल मारायचं की सोलर लावायचं?

गंगापूर धरणावर बोटीतून फेरी मारून आलं की नाशिककरांपैकी कुणीतरी म्हणतंच, "इथंच बोटीवर राहावं, सायकल मारावी, वीज फुकट!" व्यायाम आणि वीज एकदम, कल्पना झकास आहे. हिशेब मात्र सोलरकडे झुकतो.

धडधाकट माणूस तासभर सलग पेडल मारून साधारण 75 ते 100 वॉट देतो. डायनॅमो, वायर, बॅटरी यांतली गळती वजा जाता हाती 60-70 वॉट-तास उरतात. त्यात 5 वॉटचा एलईडी दिवा रात्रभर चालेल, एक मोबाइल चार्ज होईल. फ्रीजचं नाव काढू नका. आणि फुकट कसलं? या कष्टात शरीर 400 च्या आसपास कॅलरी जाळतं. म्हणजे मिसळीबरोबर जादा पाव आलाच! शिवाय छोट्या बोटीत स्टँडवरची सायकल निम्मी जागा खाते.

100 वॉटचं सोलर पॅनेल एप्रिलच्या उन्हात दिवसाला 400 वॉट-तास सहज देतं, तुम्ही झोपा काढल्यात तरी. सावली टाळायची, काच पुसायची, बस्स. श्रावणात आभाळ हटेना की मात्र ते सुस्तावतं. तेव्हा पेडल कामाला येतं.

मी सोलरच घेईन, पेडल अडीअडचणीला. दोन्ही एकाच 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडता येतात. फक्त पेडलला डायनॅमो म्हणून जोडलेल्या डीसी मोटरला डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) लावा, नाहीतर पाय थांबले की बॅटरीच मोटर फिरवत बसते.