फास्टएपीआयचं डिपेंड्स: सेशनची कटकट मिटते, पण राऊटपुरतीच

बॅकएंडचा कोणाचाही कोड हातात आला की मी आधी बघते, सेशन (डेटाबेसशी चाललेलं एकेक संभाषण) कुठे उघडतंय आणि कुठे बंद होतंय. बहुतेकदा त्याच चार ओळी फंक्शनाफंक्शनात चिकटवलेल्या असतात आणि एखादीकडे क्लोज राहिलेला असतोच. फास्टएपीआय या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमधलं डिपेंड्स फंक्शनला लागणारी गोष्ट आयती आणून देतं, त्याने हा प्रकार संपतो. माझ्या लेखी एवढ्यावरच निम्मे मार्क.

एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस लायब्ररीचं इंजिन (डेटाबेसशी जोडणी सांभाळणारा भाग) अ‍ॅपमध्ये एकदाच बनवायचं, सेशनची सगळी सेटिंग्ज सेशनमेकरला, म्हणजे सेशन बनवून देणाऱ्या साच्याला, देऊन ठेवायची. मग एक छोटं फंक्शन: सेशन उघडा, यील्ड करा (म्हणजे मागणाऱ्याच्या हाती द्या), फायनलीत क्लोज. राऊटने, म्हणजे एखाद्या पत्त्यावर आलेली रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनने, फक्त मागायचं. लॉगिन तपासणारं फंक्शन आणि राऊट दोघांनीही मागितलं, तरी त्या रिक्वेस्टपुरतं दोघांना एकच सेशन मिळतं. टेस्टमध्ये डिपेंडन्सी ओव्हरराइड्स या डिक्शनरीत खऱ्या फंक्शनच्या जागी टेस्ट डेटाबेसचं फंक्शन ठेवलं की झालं. राऊटला हात लावायची गरज नाही. फास्टएपीआय ०.९५ पासून अ‍ॅनोटेटेड (टाइपसोबतच डिपेंड्स लिहायची पद्धत) आल्यावर फंक्शनच्या पॅरामीटर्सची यादीही सुटसुटीत झाली.

पण सेशन आयतं मिळतं म्हणून कनेक्शन फुकट मिळत नाही. इंजिनच्या पूलमध्ये (कनेक्शन्सच्या साठ्यात) डीफॉल्टने ५ कनेक्शन्स, वर जास्तीची १०, म्हणजे एकूण १५. साधे (असिंक नसलेले) डेफ राऊट मात्र ४० थ्रेड्सवर चालतात. पहिल्या क्वेरीला धरलेलं कनेक्शन कमिट (बदल पक्के करणं), रोलबॅक (ते मागे घेणं) किंवा क्लोजपर्यंत सुटत नाही. मध्येच प्रत्येक थ्रेडने एखाद्या संथ बाहेरच्या एपीआयला कॉल केला, की सगळी कनेक्शन्स अडकतात, सोळावा थ्रेड ३० सेकंद ताटकळतो आणि टाइमआउट खातो. उपाय म्हणजे त्या कॉलआधीच कमिट करणं. त्यातही गंमत आहे: कमिटनंतर डेटाबेसमधून आणलेल्या ऑब्जेक्टचं नुसतं नाव वाचलं तरी नवी क्वेरी जाते, कनेक्शन पुन्हा अडकतं. म्हणून सेशनमेकरमध्ये एक्स्पायर-ऑन-कमिट मी फॉल्सच ठेवते.

कमिट यील्डनंतर टाकू नका, राऊटमध्येच करा. यील्डनंतरचा कोड नेमका कधी चालतो हे फास्टएपीआयच्या ०.१०६ मध्ये बदललं होतं. अशा गोष्टीवर पैशांचे व्यवहार कोण सोपवेल?

खरी नाराजी वेगळीच. राऊटबाहेर, म्हणजे स्क्रिप्टमध्ये किंवा क्यूच्या वर्करमध्ये (रांगेतली कामं मागे उपसणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), डिपेंड्स काहीच करत नाही. डिपेंड्स जुन्या पद्धतीने पॅरामीटरची डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणून लिहिलेलं असेल आणि तेच फंक्शन तुम्ही थेट बोलावलंत, तर सेशनऐवजी हातात डिपेंड्सचा ऑब्जेक्ट येतो आणि पहिल्याच एक्झिक्यूटला आपटतो. वर्कर्स जास्त असतील तर मूळ सेशन कॉन्टेक्स्ट मॅनेजरमध्ये (विथने वापरायच्या, आपोआप बंद होणाऱ्या रचनेत) लिहा आणि डिपेंड्सला त्याचं नुसतं वेष्टन ठेवा. पाचात चार तारे.