भावाला आपल्या घरी आणायचं, की आपण त्याच्या घरी जायचं?

आई-वडील सत्तरीपुढे गेले की बौद्धिक अक्षमता असलेल्या चाळिशीतल्या भावाची किंवा बहिणीची जबाबदारी कुणाची, हे बहुतेक घरांत न बोलताच ठरलेलं असतं. राहायचं कुठे, ते मात्र कुणी बोलत नाही.

आपल्या घरी आणलं तर आपली नोकरी, मुलांच्या शाळा जागच्या जागी राहतात. रात्री फिट आली तर आपण शेजारच्या खोलीत असतो, ही मोठीच जमेची बाजू. पण त्याचं जग सुटतं: त्याच्या हातातले सुट्टे पैसे मोजून घेणारा वाणी, एकटा दिसला तर घरी आणून सोडणारा रिक्षावाला, दिव्यांग प्रौढ दिवसा जिथे काम करतात त्या कार्यशाळेतले मित्र. नव्या गावात प्रौढांसाठी कार्यशाळा मिळाली नाही तर दिवस टीव्हीसमोर जातो आणि चिडचिड वाढते.

शिवाय प्रत्यक्ष काम बहुधा वहिनीवर पडतं. तिला कुणी विचारलेलं नसतं. अंघोळीला मदत कोण करणार, नणंद असेल तर पाळीच्या दिवसांत कोण बघणार, हे तिच्यासमोर बसून नावानिशी ठरवा. तिचा मनापासून होकार नसेल तर ही वाट सोडा.

आपण तिकडे राहायला गेलो तर सगळं कुटुंब हलतं, पण तो हलत नाही. एकाच शहरात असाल तर माझा कौल यालाच. आई-वडील असतानाच गेलात तर कुठेही न लिहिलेल्या गोष्टी कळतात: कुकरच्या शिट्टीला तो कान झाकतो, फिटची गोळी चहाबरोबर दिली तरच घेतो. आईच्या तोंडून हे सगळं वहीत उतरवून घ्या. अडचण येते ती घराच्या मालकीवरून. मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर उद्या बाकीची भावंडं ‘घर बळकावलं’ म्हणतील.

दोन्हींतलं काहीही निवडा, आधी मुक्काम करून बघा. पहिल्यांदा शनिवार-रविवार, मग पंधरवडा, तोही आई-वडिलांशिवाय. पुढच्या वेळी पिशवी भरताना तो खूश दिसतो की दारामागे लपतो, ते बघा. त्याला बोलता येत असेल तर सरळ विचारा.

कागदपत्रांसाठी मात्र थांबू नका. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार त्यात येत नाहीत. पालक नेमल्यावर 6 महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. वडील किंवा आई सरकारी निवृत्तिवेतनधारक असतील तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ते नाव त्यांच्या हयातीतच नोंदवून घ्या, कारण त्यांच्या माघारी तेच सिद्ध करायला भावंडांना कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात.