स्टेम सेल सीरम आणि मायक्रोनीडलिंग: आठ महिन्यांनंतर

माझं वय 47. महिन्या-महिन्याच्या अंतराने मायक्रोनीडलिंगच्या, म्हणजे चेहऱ्यावर बारीक सुया टोचण्याच्या, तीन सिटिंग घेतल्या, दर वेळी वरून एक्सोसोमचं द्रावण लावलं गेलं. घरी रोज रात्री स्टेम सेलपासून (ज्यांतून इतर पेशी तयार होतात अशा मूळ पेशींपासून) बनवलेलं सीरम.

‘नव्या पेशी तुमच्या त्वचेत रुजतात’ असं सांगून मला पॅकेज दिलं गेलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. सीरमच्या किंवा द्रावणाच्या बाटलीत जिवंत पेशी नसतातच. प्रयोगशाळेत पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात त्या ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायचा इशारा देणारी प्रथिनं) आणि एक्सोसोम सोडतात. पेशी काढून टाकून उरलेलं वापरतात. एक्सोसोम म्हणजे 30 ते 150 नॅनोमीटरच्या पिशव्या, एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणाऱ्या. त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, म्हणजे कोलॅजन, तयार करणाऱ्या पेशी त्याने जाग्या व्हाव्यात, एवढीच अपेक्षा.

सिटिंगनंतर दोन दिवस चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल. तिसऱ्या दिवशी नाकाच्या कडेला बारीक सालं निघाली. दुसऱ्या सिटिंगनंतर दीड महिन्याने गाल हाताला मऊ लागायला लागले, डोळ्यांच्या कडेच्या रेषा पुसट झाल्या. नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्या आणि हनुवटीखालची सैल कातडी मात्र होती तशीच आहे.

पण हे श्रेय कुणाचं? नुसत्या सुयांच्या टोचण्यानेही कोलॅजन वाढतं. म्हणून पाच महिने उजव्या हाताच्या पाठीवर सीरम लावलं आणि डाव्यावर साधं मॉइश्चरायझर. सनस्क्रीन दोन्हींवर. शेवटी बहिणीला काही न सांगता विचारलं, कुठला हात बरा दिसतो? तिने खिडकीपाशी नेऊन दोन्ही हात उलटसुलट केले आणि डावा निवडला. त्वचेच्या वरच्या थरातून साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू सहसा आत जात नाहीत, आणि ग्रोथ फॅक्टर हजारो डाल्टनचे असतात. हे आधी कळलं असतं तर सीरम घेतलंच नसतं.

सुयांनी वाट करून दिली की आत जातं खरं, पण मग बाटलीत काय आहे याची काळजी जास्त. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) 2019 मध्येच एक्सोसोम उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं. तेव्हा मान्यता मिळालेलं एकही नव्हतं. पहिल्या वेळी बाटली माझ्यासमोर उघडली नाही. पुढच्या दोन्ही वेळी मी हट्टाने सील बघितलं, लेबलचा फोटो काढला. तुम्हीही मागा, लाजू नका.

चौथी सिटिंग घेतलेली नाही. सीरम बंद केलं, डॉक्टरांना विचारून रात्री ट्रेटिनॉइन (‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातलं, त्वचेला लावायचं औषध) सुरू केलंय, आणि सकाळचं सनस्क्रीन हातांना लावणं तसंच चालू ठेवलंय.