‘मॅडम, फाइल गेली का?’ : यूयूस्टॅट आणि मंडळी, पावसाळाभर वापरल्यानंतर

खरं तर यूयूसीपीचा हा रिव्ह्यू शिव्या घालण्यासाठी लिहायचा होता. जूनमध्ये अर्धा लिहूनही झाला होता. मग गणपतीच्या तोंडावर तळोजा एमआयडीसीत रस्ता खोदताना कोणीतरी आमची फायबर तोडली. वरून धो धो पाऊस, आणि लाइनवाल्यांचं रोजचं पालुपद, ‘उद्या सकाळी माणूस पाठवतो’. शेवटी लाइन आली ती कधीतरी मध्यरात्री. सकाळी वागळे इस्टेटला ऑफिसात येऊन बघते तर तळोज्याला अडकलेल्या सगळ्या फाइली ठाण्याच्या सर्व्हरवर हजर. ना कोणी काही रीस्टार्ट केलं, ना कोणी मला रात्री फोन केला. त्यामुळे शिव्या कमी केल्यात. सगळ्या काढलेल्या नाहीत.

यूयूसीपी म्हणजे फाइली रांगेत लावून, लाइन मिळेल तेव्हा एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पाठवणारी युनिक्सची जुनी व्यवस्था. याहून जास्त इथे समजावत बसत नाही, हे वाचायला आलेल्या बहुतेकांना ते माहीत असणार. आमच्याकडे आहे टेलर यूयूसीपी, आवृत्ती १.०७, डेबियन लिनक्सच्या पॅकेजमधून घेतलेली. ही आवृत्ती २००३ची. त्यानंतर नवीन काही आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर फारसं अडलेलंही नाही. दोन टोकं: तळोज्याचं गोडाऊन आणि ठाण्याचं ऑफिस. मध्ये एसएसएच, म्हणजे सगळं गुप्त करून नेणारं कनेक्शन, कारण टेलरमध्ये पोर्टचा प्रकार ‘पाइप’ देता येतो आणि त्या पाइपातून हवी ती कमांड चालवता येते. साधं टीसीपीवर लॉगिन-पासवर्ड उघडे पाठवणारं जुनं वळण कोणी ठेवू नका. रोज संध्याकाळी गोडाऊनमधून स्टॉकची फाइल आणि चलनांचे स्कॅन निघतात. रात्री ठाण्यात ते सिस्टीममध्ये चढतात.

‘आरसिंक क्रॉनमध्ये टाका की’, म्हणजे फाइली कॉपी करणारी कमांड ठरलेल्या वेळी आपोआप चालवा, असं म्हणणाऱ्यांसाठी: टाकलं होतं. त्याआधी एफटीपीची स्क्रिप्ट होती. त्या स्क्रिप्टचा त्रास असा की लाइन मध्येच गेली की अर्धी फाइल समोर पडायची, आपली इम्पोर्टची स्क्रिप्ट ती इमानदारीत उचलायची, आणि सकाळी निम्म्या मालाचा स्टॉक शून्य. आरसिंकमध्ये ते बंद झालं, पण लाइन नसेल तेव्हा काय करायचं, किती वेळा करायचं, कुठली फाइल आधी, हे सगळं मलाच शेलमध्ये लिहावं लागत होतं. लाइन अगदीच गेली की पेन ड्राइव्ह घेऊन गोडाऊनचा मुलगा बाइकवर निघायचा आणि शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचा. आमच्याकडून निवृत्त झालेले ईडीपी (म्हणजे जुन्या काळचा कॉम्प्युटर विभाग) मॅनेजर एकदा चहाला आले होते, त्यांनी हे ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘मग यूयूसीपी का नाही लावत?’ मला वाटलं थट्टा करतायत.

आता मुख्य तक्रार. ती आहे रांग दाखवणाऱ्या यूयूस्टॅट या कमांडबद्दल.

रोज सात वाजता तळोज्याच्या स्टोअरकीपर काकांचा फोन येतो. ‘मॅडम, फाइल गेली का? मी निघू का?’ एवढंच. त्यांना बाइट नकोत, प्रोटोकॉल नको. गेली की नाही गेली. आणि यूयूसीपीच्या अख्ख्या खानदानात या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारी एकही कमांड नाही. यूयूसीपी ही कमांड स्वतः फाइल रांगेत टाकून शून्य, म्हणजे ‘ठीक’, परत करते आणि मोकळी होते. एसटीत पार्सल दिल्यावर काउंटरवर पावती मिळावी, तसा तो शून्य. पार्सल पोचल्याशी त्याचा संबंध नाही. यूयूस्टॅट सांगतं रांगेत काय उरलंय. काहीच उरलं नसेल तर काहीच सांगत नाही. ‘रांग रिकामी आहे’ असं एक वाक्य सुद्धा नाही. एंटर मारा, प्रॉम्प्ट परत. हे बघून काकांना ‘निघा’ म्हणायचं धाडस तुम्ही करून बघा.

त्यातून कोरा पडदा म्हणजे रिकामी रांगच असं नाही. नुसतं यूयूस्टॅट लिहिलं तर ते फक्त तुमच्या युजरने टाकलेले जॉब दाखवतं. आमच्या फाइली क्रॉन टाकतो, वेगळ्या युजरखाली. म्हणजे रांगेत ढीगभर माल पडलेला असला तरी माझ्या लॉगिनला पडदा स्वच्छ. सगळ्यांचे जॉब बघायचे तर कमांडपुढे डॅश ए (-a) लिहायचं. हे मॅन्युअलमध्ये पहिल्या पानातच लिहिलंय, नाही असं नाही. पण ‘तुमचे काही नाही, इतरांचे आहेत’ एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती, हा माझा प्रश्न कायम आहे.

आणि तारीख! यूयूस्टॅटच्या ओळीत जॉबचा क्रमांक, समोरच्या मशीनचं नाव, युजर, मग तारीख-वेळ, मग काय पाठवतोय, कुठून कुठे, किती बाइट, असं सगळं व्यवस्थित येतं. पण तारीख आधी महिना, मग दिवस, आणि वर्ष गायब. ०७-०६ दिसलं की आपण सहा जुलै वाचायचं, सात जून नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अडकलेल्या जॉबवरून काकांचं आणि माझं फोनवर चांगलंच वाजलं. ते म्हणत होते जूनचा स्टॉक अजून गेला नाही, आणि पडदा त्यांच्या बाजूने बोलत होता. गंमत बघा, याच पॅकेजच्या लॉगमध्ये तारीख वर्षापासून सुरू होते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत छापली जाते. तिकडे शंभरावा भाग, इकडे वर्ष पण नाही. यावर मी जरुरीपेक्षा जास्त चिडते हे घरचेही सांगतात.

इथवर जूनमधलं. पुढचं मत बदललं ते लॉगमुळे.

लॉग दाखवणाऱ्या यूयूलॉगला मी सुरुवातीला नुसता पसारा म्हणत होते. डॅश एस आणि मशीनचं नाव दिलं तर एका मशीनपुरतं दाखवतं, डॅश एफ दिलं तर चालू लॉग समोर वाहत राहतो, इतपत ठीक. पण लॉगच्या शेजारी स्टॅट्स नावाची एक फाइल असते, तिकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. पाठवलेल्या प्रत्येक फाइलची त्यात एक ओळ: कोणाची, कुठल्या मशीनला, कधी, किती बाइट, किती सेकंदांत. आणि ही ओळ कधी पडते ते महत्त्वाचं. घेणारं मशीन येणारी फाइल आधी आपल्या स्पूलमधल्या (रांगेच्या फोल्डरमधल्या) तात्पुरत्या जागी उतरवून घेतं, पूर्ण आली की मुक्कामाच्या ठिकाणी हलवतं, आणि मगच पाठवणाऱ्याला ‘सीवाय’ असा होकार देतं. जागा नाही, परवानगी नाही, काही बिनसलं, तर ‘सीएन’. होकार आल्यावरच इकडे ‘सेंट’ची ओळ लिहिली जाते. म्हणजे स्टॅट्समध्ये ‘सेंट’ आहे तर फाइल समोर खरोखर जागेवर बसलेली आहे. अर्ध्या फाइलीचा रोग यामुळेच गेला. इम्पोर्ट स्क्रिप्टला अर्धवट फाइल दिसतच नाही.

मग चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, नाव ठेवलं ‘गेलीका’. आज टाकलेली फाइल स्टॅट्समध्ये शोधते, सापडली तर ‘गेली, निघा’, रांगेत असेल तर ‘थांबली आहे’, दोन्हीकडे नसेल तर ‘मॅडमना फोन करा’. काकांच्या डेस्कटॉपवर तिचं चित्र ठेवलंय. फोन बंद झाले. हेच काम यूयूसीपीला डॅश एम देऊन, झालं की मेल पाठवून होतं म्हणे, पण तो मेल मशीनवरच्या लोकल पेटीत जाऊन पडतो आणि ती पेटी आमच्याकडे कोणी उघडत नाही.

आता त्या मध्यरात्रीबद्दल. ते आपोआप झालं ते नशिबाने नाही. एकदा कॉल फसला की यूयूसिको, म्हणजे समोरच्या मशीनला कॉल लावणारा प्रोग्राम, लगेच पुन्हा लावत नाही, थांबण्याचा वेळ वाढवत नेतं, आणि मूळ सेटिंगप्रमाणे २६ वेळा फसलं की नादच सोडतं. लाइन आली तरी लॉगमध्ये ‘रीट्राय टाइम नॉट रीच्ड’ आणि मशीन शांत. मोडेमच्या काळात हे शहाणपणाचं होतं, प्रत्येक फसलेल्या कॉलला पैसे पडायचे. आपल्याला फायबरवर त्याचं काय? समोरच्या मशीनची माहिती असते त्या सिस फाइलीत ‘टाइम एनी’च्या पुढे मिनिटांचा आकडा लिहिला की तेवढ्याच अंतराने प्रयत्न होतो, आणि मॅक्स-रीट्राइज वाढवून ठेवता येतं. हे दोन्ही पावसाळ्याआधी करून घ्या. घाई असेल तर यूयूसिको कॅपिटल एस आणि मशीनचं नाव, मग ते थांबा-बिंबा काही मानत नाही.

लॉग उघडून त्या रात्रीचा क्रम पाहिला तेव्हा मात्र मनापासून बरं वाटलं. जॉबला ग्रेड, म्हणजे अग्रक्रम, देता येते: आधी आकडे, मग कॅपिटल ए ते झेड, मग स्मॉल, वरून खाली. स्टॉकच्या फाइलीला मी ए दिली होती, चलनांच्या स्कॅनना स्मॉल झेड. लाइन आल्या आल्या अडकलेल्या सगळ्या दिवसांचे स्टॉक आधी ओळीने निघाले, जड स्कॅन मागून. शेवटी ‘कॉल कंप्लीट’, कंसात सेकंद, बाइट आणि बीपीएस. अजून बीपीएसमध्ये मोजतंय बिचारं.

बाकीच्या कमांड भराभर सांगते. यूयूसीएचके, म्हणजे कॉन्फिग तपासणारं, अप्रतिम. तुमच्या कॉन्फिगचा अर्थ त्याला काय लागला ते साध्या वाक्यांत वाचून दाखवतं. सेटअप करताना आधी तेच चालवा. माहीत असलेल्या मशीनची नावं दाखवणारं यूयूनेम ठीक. यूयूटू आणि यूयूपिक: पहिलं पाठवतं, दुसरं आलेल्या प्रत्येक फाइलला थांबून ‘हिचं काय करू’ विचारतं, माणसांसाठी गोड, क्रॉनसाठी निरुपयोगी. बॅश शेलमध्ये ‘मशीन!फाइल’ अशा पत्त्यातल्या उद्गारचिन्हाला एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर ‘इव्हेंट नॉट फाउंड’ म्हणून शेल भांडेल. आणि यूयूस्टॅटचा स्मॉल के एक जॉब मारतो, कॅपिटल के यादीत दिसणारे सगळे. ‘डॅश ए’च्या जोडीला कॅपिटल के लिहिताना हात दोनदा थांबवा, किंवा डॅश आय द्या, ते एकेक विचारतं. जुना कचरा काढायला डॅश ओ आणि तासांचा आकडा आहे. आम्ही १६८ ठेवलाय, म्हणजे आठवडा.

ईडीपीवाले काका हे सगळं बघून फार खूश. त्यांच्या बोलण्यात अर्नेटचे दिवस आले: १९८६ साली सुरू झालेलं शिक्षण-संशोधन संस्थांचं ते जाळं, जुहूचं एनसीएसटी आणि आयआयटीसारख्या आठ संस्था, आणि सुरुवातीची सेवा म्हणजे डायलअपवर यूयूसीपीचा मेल. दिल्ली-मुंबई पहिली लीज्ड लाइन आली ती जानेवारी १९९१मध्ये, ९.६ किलोबिटची. तोवर रांगेत टाका आणि वाट बघा. सिस फाइलीत कॉलची वेळ ठरवता येते ती याच काळातली सोय. रात्री एसटीडीचे दर उतरायचे तेव्हा मशीनने फोन लावायचा. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७६च्या सुमारास लिहिलेली ही व्यवस्था, १९८३ला हनीडॅनबर म्हणून नव्याने लिहिली गेली, आणि आपण वापरतो ती इयन लान्स टेलर यांनी पुन्हा मुळापासून लिहिलेली. चहा दोनदा झाला.

पैशांचं बोलू. मध्यंतरी मॅनेज्ड फाइल ट्रान्सफर विकणारा एक मुलगा आला होता. छान डॅशबोर्ड, हिरवे-लाल दिवे, आणि ‘गेली का’चं उत्तर पहिल्याच पडद्यावर, हे मान्य. पण भाव डॉलरमध्ये, दर वर्षी, आणि प्रत्येक टोकाचा वेगळा. शेठनी कोटेशन वाचलं, माझ्याकडे बघून विचारलं, ‘आपलं जुनं चालतंय ना?’ चालतंय म्हटलं. त्या पैशांत गोडाऊनला इन्व्हर्टर आला. तोही लागणारच होता, वीज गेली की रांग कितीही शहाणी असून उपयोग नाही.

कोणी घेऊ नये: ज्यांची लाइन चोवीस तास टिकते, ज्यांना मॅन्युअल वाचायचा कंटाळा आहे, आणि ज्यांच्याकडे शेल लिहिणारं माणूस नाही. पाचपैकी चार देते. एक गुण वर्ष न छापणाऱ्या त्या तारखेचा कापलाय, आणि तो मी परत देणार नाही. दिवाळीनंतर पनवेलला छोटं गोडाऊन सुरू होतंय, तिथेही हेच बसवणार. ‘गेलीका’मध्ये मशीनचं नाव विचारायची सोय तेवढी करायची बाकी आहे.