यरुशलेमचं इस्रायल म्युझियम: पुरातत्त्व विभाग चुकवू नका

पवित्र भूमीच्या सहलीला निघालेल्या आपल्या मंडळीतल्या लोकांसाठी हे मुद्दाम लिहितोय. आमच्या सहलीत या म्युझियमला जेमतेम तासभर दिला होता. मृत समुद्राच्या गुंडाळ्या (मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेली प्राचीन हस्तलिखितं) आणि जुन्या यरुशलेमची 1:50 मापाची प्रतिकृती बघण्यातच तो संपला. गुंडाळ्यांची इमारत देखणी आहे, पण मधोमध गोल मांडलेली यशयाची (बायबलमधल्या यशया पुस्तकाची) गुंडाळी ही नक्कल. उजेडाने चर्मपत्र खराब होतं, म्हणून अस्सल जपून ठेवलीय.

मोकळ्या दिवशी मी एकटाच परत गेलो आणि थेट पुरातत्त्व विभाग गाठला. तिथे केतेफ हिन्नोमचे चांदीचे दोन ताईत आहेत. 1979 साली पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय यांना हिन्नोम खोऱ्यालगतच्या एका थडग्यात ते गुंडाळलेले सापडले. चांदी इतकी ठिसूळ झालेली की उलगडायला तीन वर्षं लागली. मोठी पट्टी 10 सेंमीसुद्धा भरत नाही, लहान तर 4 सेंमीची. त्यावर बारीक रेघांनी कोरलाय तो बायबलच्या गणना पुस्तकातल्या 6 व्या अध्यायातला आशीर्वाद! उपासना संपताना पाळकसाहेब हात उंचावून देतात, तोच. काळ इ.स.पू. 600 च्या आसपासचा, म्हणजे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांच्याही कितीतरी आधीचा. काचेला नाक लावून किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही.

यहूदाच्या प्राचीन राज्यातल्या अरादच्या किल्ल्यातलं परमपवित्रस्थानही (मंदिराचा सर्वांत आतला गाभारा) इथेच उभं केलंय, धुपाच्या दोन अस्सल वेद्यांसकट. यहूदाच्या राज्यात यरुशलेमबाहेरही मंदिर होतं, याचा हा धडधडीत पुरावा. 2020 साली वेद्यांवरचे जळके अवशेष तपासले, तेव्हा एकीवर ऊद आणि दुसरीवर चक्क गांजा निघाला. काहींना हे ऐकून धक्का बसेल, पण दगड सांगतो ते ऐकून घ्यावं.

येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात याचं नाव कोरलेला, 1961 साली कैसरियात सापडलेला दगड आणि ‘दावीदाचं घराणं’ असा दावीद राजाच्या वंशाचा उल्लेख असलेला तेल दानचा शिलालेखही बघाच.

पाट्या हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत आहेत. इंग्रजी वाचायची सवय नसलेल्या वडीलधाऱ्यांबरोबर कुणीतरी वाचून दाखवणारं असू द्या. शब्बाथामुळे (यहुद्यांच्या साप्ताहिक विसाव्याच्या दिवसामुळे) शहर बंद असतं, तेव्हाही शनिवारी हे म्युझियम उघडं असतं. शुक्रवारी मात्र लवकर बंद होतं. सहल ठरवतानाच आयोजकाकडून अर्धा दिवस मागून घ्या. प्रतिकृतीला दहा मिनिटं पुरतात.