गो-राउटर : फ्लटर अ‍ॅपमधील पत्त्यांचा कारभार

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घरगुती निवासाची सोय शोधणारा पर्यटक अ‍ॅप उघडून शांतपणे यादी चाळत बसत नाही; त्याला मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर एका खोलीची लिंक पाठवलेली असते आणि ती दाबताच तीच खोली समोर यावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर या तिन्हींसाठी एकाच कोडवर चालणारे निवास-आरक्षणाचे अ‍ॅप आम्ही फ्लटरमध्ये (गूगलच्या अ‍ॅप-बांधणीच्या साधनसंचात) बांधले असून त्यातील सर्व पत्ते, म्हणजे कोणत्या लिंकवर कोणते पान उघडायचे याचा हिशेब, गो-राउटर या पॅकेजकडे (तयार कोडच्या संचाकडे) सोपवलेले आहेत. त्या वापरावर हे परीक्षण आधारलेले आहे.

फ्लटरची मूळ नेव्हिगेटर-पद्धत एका स्क्रीनवर दुसरी रचत जाते, त्यामुळे बाहेरून आलेल्या पत्त्याला तिथे सहज जागा मिळत नाही. २०२० मध्ये आलेल्या राउटर एपीआयने (पत्त्यावरून पान उघडण्याच्या फ्लटरच्या यंत्रणेने) ती सोय केली खरी, पण ते थेट वापरायचे तर लिहावा लागणारा कोड पाहूनच उत्साह मावळतो. क्रिस सेल्स यांनी सुरू केलेले आणि आता फ्लटरचाच चमू सांभाळत असलेले गो-राउटर हा सगळा खटाटोप आपल्या अंगावर घेते.

त्याचा सर्वात मोठा गुण पत्त्यांच्या उतरंडीत आहे. खोलीचा पत्ता गावाच्या पत्त्याच्या पोटात नोंदवलेला असेल, तर लिंकवरून थेट खोलीवर आलेला माणूस मागे जाताना अ‍ॅपबाहेर न पडता त्या गावाच्या यादीवर येतो, आणि यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही. रीडायरेक्टची, म्हणजे आलेल्याला दुसऱ्या पानावर वळवण्याची, सोयही तितकीच कामाची आहे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा बंद असते, तरी हिवाळ्यात पाठवलेल्या लिंका गटांमधून फिरतच राहतात. अशा लिंकेवरून येणाऱ्याला आरक्षणाच्या पानाऐवजी ‘हंगाम बंद’च्या पानावर वळवण्याचे काम एका छोट्या फंक्शनमध्ये भागते. लॉगिनसाठीही हीच युक्ती चालते, मात्र मूळ पत्ता क्वेरीमध्ये (पत्त्यातील ‘?’ नंतरच्या भागात) जपून ठेवावा आणि लॉगिनचे पान त्या नियमातून वगळावे, नाहीतर वळणावर वळण घेत ठरलेली मर्यादा ओलांडली जाते आणि वापरकर्त्याला त्रुटीचे पान दिसते.

खरी सावधगिरी ‘एक्स्ट्रा’ नावाच्या सोयीबाबत बाळगायला हवी. यादीतून खोलीची सगळी माहिती एका ऑब्जेक्टमध्ये (माहितीच्या गाठोड्यात) भरून पुढच्या पानाला देणे मोहक वाटते आणि चाचणीत ते चालतेही. पण तो ऑब्जेक्ट पत्त्यात नसतो; लिंक पाठवली की समोरच्याकडे तो पोचतच नाही, आणि ब्राउझरमध्ये पान ताजे केले की, खास कोडेक (ऑब्जेक्टचे मजकुरात आणि परत रूपांतर करणारा कोड) लिहिलेला नसल्यास, तो टिकेल याची खात्री नसते. म्हणून पत्त्यात फक्त खोलीचा क्रमांक ठेवावा आणि पानाने माहिती स्वतः मिळवावी. देवबागच्या टोकाला नेटवर्कचा भरवसा नसल्यामुळे आम्ही ती आधी फोनमधील साठ्यातून दाखवतो आणि मग सर्व्हरला विचारतो. ‘गो’ (थेट पत्त्यावर जाणे) आणि ‘पुश’ (आहे त्या पानावर नवे पान रचणे) यांतील फरकही सुरुवातीलाच समजून घ्यावा: ८.० आवृत्तीपासून पुशने उघडलेल्या पानाचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत आपोआप उमटत नाही, त्यामुळे जे पान कोणी कोणाला पाठवण्याची शक्यता आहे, तिथे ‘गो’च वापरावे.

काही दुखणी पॅकेजच्या हद्दीबाहेरची आहेत, पण शिव्या मात्र त्यालाच बसतात. अँड्रॉइड १२ पासून, संकेतस्थळावरच्या असेटलिंक्स फाइलने (ते संकेतस्थळ त्या अ‍ॅपशी जोडलेले असल्याचे सांगणाऱ्या फाइलने) पडताळणी झालेली नसेल तर लिंक अ‍ॅपऐवजी ब्राउझरमध्ये उघडते. त्या फाइलमध्ये प्ले स्टोअरच्या साइनिंग की-चा (स्टोअर ज्या किल्लीने अ‍ॅपवर सही करते तिचा) एसएचए-२५६ ठसा (ओळखीचा सांकेतिक आकडा) लागतो. अपलोड की-चा (विकसक स्टोअरला अ‍ॅप पाठवताना वापरतो त्या किल्लीचा) टाकला, तर विकसकाच्या फोनवर सगळे सुरळीत आणि स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये शुकशुकाट, असा प्रकार होतो. वेबवर पत्त्यातील # काढण्यासाठी पाथ-स्ट्रॅटेजी सुरू केली, की सर्व्हरलाही प्रत्येक पत्त्यावर मूळ इंडेक्स फाइल द्यायला शिकवावे लागते, अन्यथा पान ताजे करताच ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’. अशा लिंका तयार करून देणारी गूगलच्या फायरबेसची डायनॅमिक लिंक्स सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाल्याने हे सारे आता स्वतःच नीट उभारणे भाग आहे.

पत्ते मराठीत ठेवण्याचा मोह आम्हालाही झाला होता. गो-राउटर देवनागरी पत्ता व्यवस्थित उलगडतो, परंतु तो ब्राउझरमधून कॉपी केला की नुसत्या ‘मालवण’चीच टक्केचिन्हांसह ४५ अक्षरे होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अशी लिंक पाहून कोणालाही फसवणुकीची शंका यावी. त्यामुळे पत्त्यात रोमन लिपी आणि पानावर मराठी, अशी विभागणी आम्ही केली.

मोठ्या आवृत्त्यांमध्ये नावे आणि वर्तन बदलत आल्यामुळे इंटरनेटवरची जुनी उदाहरणे जशीच्या तशी उचलू नयेत. बदलांची नोंद वाचूनच आवृत्ती वाढवावी. पत्ते पन्नासेक झाले, की त्यांच्या मजकुरातील चुका कंपाइल होतानाच (कोडचे अ‍ॅपमध्ये रूपांतर होतानाच) पकडणारे गो-राउटर-बिल्डर जोडणे फायद्याचे ठरते. चार पानांच्या, लिंक कधीच बाहेर न जाणाऱ्या अ‍ॅपला याची गरज नाही, तिथे साधा नेव्हिगेटर पुरतो. ज्या धंद्याची गिऱ्हाइके व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकेतून येतात, त्याच्या अ‍ॅपसाठी मात्र हे पॅकेज मी पहिल्या दिवसापासून घालावे असे म्हणेन.