पावसाळ्यात बोट ठेवायला दिली आणि 2,85,400 रुपयांना बुडालो

आधीच सांगतो, मी काही कालचा पोरगा नाही. अकरा वर्षं शिडाची बोट चालवतोय. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन, गोड्या पाण्यावर कसं धुवायचं, कार्ब्युरेटर कसा रिकामा करायचा, स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये तेल कसं सोडायचं, सगळं मला येतं. दरवर्षी मीच करतो. 2025 सालीच फक्त दुसऱ्याच्या हाती दिलं.

कारणही ऐका. मे महिन्यात मांडव्याहून दाभोळपर्यंत गेलो होतो. जाताना मजेत गेलो, येताना रोज दुपारी वायव्येचा वारा तोंडावर. दोन दिवसांचं अंतर चार दिवसांत कापत 24 मेला परतलो. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, हे डोक्यात पक्कं. आणि त्या वर्षी तो मुंबईत 26 मेलाच हजर! हवामान खात्याच्या नोंदीतला सगळ्यांत लवकर आलेला पाऊस. ओळखीच्या सगळ्या शेडा भरलेल्या, हायड्रावाले (क्रेनवाले) फोन उचलेनात, आणि माझी चोवीस फुटी बोट पाण्यात. अशा वेळी जेट्टीवर एक गोड बोलणारा माणूस भेटला. दोन बोटमालकांची नावं त्यानं सहज घेतली. मी त्यांना फोन केला नाही. एक फोन लागला असता फक्त.

हिशेब असा: हायड्रानं बोट वर काढायचे 14,000, बंद शेडचं चार महिन्यांचं भाडं 26,000, इंजिनाची सर्व्हिस 7,500, शिडं धुवून वाळवून ठेवायचे 4,000. एकूण 51,500, सगळे आगाऊ, यूपीआयनं. ‘बिलाशिवाय करू साहेब, 18 टक्के वाचतील तुमचे.’ वाचवले मी. 27 मेला बोट माझ्यासमोर शेडमध्ये गेली. शेड चांगली होती, पत्रे नवे होते. ती त्याची आहे का, हे विचारायला मला लाज वाटली.

खरं तर शिडांच्या वेळीच ट्यूब पेटायला हवी होती. भर पावसाळ्यात हा माणूस शिडं वाळवणार कुठे? शिडं, बॅटरी, गाद्या घरी न्यायच्या असतात. मी बॅटरी तेवढी नेली. शिडं ठेवली, कारण गाडीत जागा नव्हती.

पण ज्या क्षणासाठी मी रोज स्वतःला शिव्या घालतो तो 28 जूनचा. शनिवार होता, चहा पीत होतो. व्हॉट्सअॅपवर फोटो आला: ‘आजचा फोटो साहेब, बोट एकदम कोरडी.’ शेडच्या मोकळ्या बाजूनं मागचं कुंपण दिसत होतं आणि कुंपणापाशी पिवळं, वाळलेलं गवत. जून संपत आला होता. रायगड जिल्ह्यात! पाऊस सुरू होऊन महिना झाला होता, भिंतींवरसुद्धा शेवाळं चढलेलं असतं तेव्हा. मी फोटो मोठा करून पाहिला. बोटच पाहिली. अंगठा पाठवला. त्यानंतर ताडपत्री फाटली म्हणून 6,000 आणि टेकू बदलायचे म्हणून 4,500 मागितले, तेही दिले. झाले 62,000.

पावसात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस बंद असतात म्हणून बोट बघायला गेलो नाही, असं मी घरी सांगत होतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो चालू असते, मलाही माहीत आहे.

गणपती झाल्यावर 14 सप्टेंबरला गेलो. शेडमध्ये दुसऱ्याच कुणाची तरी बोट. शेडमालक म्हणाला, त्या माणसानं चार दिवसांचे दोन हजार दिले होते, मग ‘तुमची बोट बाहेर काढली की’. बाहेर म्हणजे मागच्या उघड्या माळावर, ट्रकच्या टायरांवर. साठलेलं पाणी निघून जावं म्हणून काढायचं ते तळाचं बूच जागच्या जागी लावलेलं. हिशेब करा: बारा चौरस मीटरच्या बोटीत 100 मिलिमीटर पाऊस साठला की 1,200 लिटर, म्हणजे जवळजवळ सव्वा टन. कोकणात एवढा पाऊस एका दिवसातही पडतो. बोटीचं वजन कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर पेलायचं असतं, बाजूचे टेकू नुसते धरायला. इथे ते सगळं टायरांवर आलेलं. कीलच्या सांध्याला चीर, आतलं प्लायवूड फुगलेलं, शिडं गोणीत कुजलेली, उंदरांनी कुरतडलेली. इंजिन गायब. शेजारी जाळं शिवत बसलेले एक म्हातारे तांडेल माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बूच तरी काढायचं होतं, शेठ.’

इंजिन 1,35,000 चं, दुरुस्ती आणि शिडं मिळून 88,400.

आता पोलीस. पहिल्यांदा म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, ही दिवाणी बाब आहे. मी म्हटलं, इंजिन तर मी दिलं नव्हतं ना विकायला? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, विश्वासघाताला 316 आहे. मग म्हणाले, बोटीचं प्रकरण बंदर खात्याकडे न्या. तिथले म्हणाले, आमच्याकडे नोंदणी, जमिनीवर ठेवलेल्या बोटीचं पोलीस बघतात. पुन्हा पोलीस. साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला हवालदारांना तो फोटो दाखवला, गवत दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाले, ‘बोट तर शेडमध्येच दिसतेय की.’ एक एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, हातात ठेवली. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणाले, हा ऑनलाइन गुन्हा नाही. विमावाले म्हणतात, पावसाळ्यात बोट कुठे ठेवली ते आम्हाला कळवलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी बरोबर, मूर्ख मी एकटा.

तुमच्यावर वेळ आली तर तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, तशी कायद्यात सोय आहे. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत असते, मी तिथे तक्रार टाकली आहे. इंजिनाचा नंबर आजच्या आज फोटो काढून ठेवा, माझ्याकडे नव्हता. आणि बूच स्वतःच्या हातानं काढून खिशात घालून घरी या.

या मोसमात बोट पाण्यात उतरली नाही. तिथून हलवायला दुसऱ्या हायड्रावाल्यानं 14,000 सांगितले, बिल हवं असेल तर 2,520 वर. ते 2,520 मी आधी दिले.